मॅरेथॉनचा रविवार आणि आपली एकुलती एक सुट्टी

पळणारे पळणारच आहेत. पण पळणाऱ्यांना टाळ्या वाजवून, बन-मस्का हाणून, दुपारी मस्त ताणून देऊन वर संध्याकाळचं नाटकही गाठायचं असेल तर? बोरिवली, अंधेरी, मुलुंड आणि घाटकोपरकरांसाठी एका दिवसाचा हा पक्का प्लॅन. स्वतः एकदा सॉलिड तोंडावर आपटून मग शिकलेला!

सुट्टीची खरी किंमत कुणाला विचारावी? विरार फास्टमधून बोरिवलीला उतरायचा प्रयत्न ज्यानं केलाय, त्याला. आठवड्याचे पाच, कुणाकुणाचे तर सहा दिवस लोकलच्या दांड्याला लटकून काढायचे, आणि मग हातात येतो तो एक रविवार. त्यातही सकाळ कपड्यांच्या मशीनला, दुपार मेगाब्लॉकला आणि संध्याकाळ ‘उद्या सोमवार’ या विचाराला वाहिलेली. अशात जानेवारीचा तिसरा रविवार येतो आणि अख्खं शहर बूट घालून पळत सुटतं.

टाटा मुंबई मॅरेथॉन. २००४ मध्ये पहिल्यांदा झाली तेव्हा नावापुढे स्टॅण्डर्ड चार्टर्ड होतं, २०१८ पासून टाटा लागलं. २०२५ च्या विसाव्या मॅरेथॉनमध्ये सहभागींचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. म्हणजे तुमच्या ऑफिसातला एक तरी, सोसायटीतले दोन-तीन आणि घरातलं एखादं माणूस त्यात असणारच. प्रश्न असा की, आपण पळत नाही, पण आपलं माणूस पळतंय, तर आपल्या एकुलत्या एका सुट्टीचं करायचं काय?

मी हा प्रश्न १५ जानेवारी २०२३ ला अगदी वाईट पद्धतीनं सोडवला होता.

उबरमधून दिसलेली मॅरेथॉन

कोविडमुळे दोन जानेवारी कोरडे गेले होते, त्यानंतरची ती पहिली मॅरेथॉन. बाबांनी निवृत्तीनंतर पळायला सुरुवात केली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा हाफ मॅरेथॉनला नाव दिलं होतं. हा माणूस तीस वर्षं मुलुंड ते व्हीटी फास्ट लोकलमध्ये उभ्यानं गेला. ‘आता एवढं अंतर स्वतःच्या पायानं जाऊन बघतो,’ असं त्यांचं म्हणणं. आईबाबा मुलुंडला, आम्ही दोघं बोरिवलीला. मी फोनवर ऐटीत सांगितलं, ‘बाबा, मरीन ड्राइव्हला मी उभी असणार. नक्की.’

आणि मग शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत आम्ही सिनेमा बघत बसलो.

सकाळी साडेसहाला जाग आली. ट्रेन कुठे बघायची, टॅक्सीनं सुसाट जाऊ, असा विचार केला. हायवे तर एकदम मोकळा! बोरिवली ते वांद्रे इतक्या लवकर मी जन्मात गेले नव्हते. पण त्या दिवशी सकाळी सी-लिंक गाड्यांसाठी बंद असतो, कारण त्यावरून माणसं पळत असतात. हे सगळ्या जगाला माहीत होतं, मला नव्हतं. माहीमच्या अलीकडे जी अडकले ती अडकले. मीटर पळत होतं, बाबा पळत होते आणि मी खिडकीतून पुढच्या टेम्पोचा नंबर पाठ करत होते. शेवटी टॅक्सी सोडून ट्रेन पकडली. पोचले तेव्हा बाबा आझाद मैदानाजवळच्या फूटपाथवर बसले होते. गळ्यात मेडल, शेजारी आई, हातात थर्मासचं झाकण. ‘अगं असू दे, पुढच्या वर्षी ये,’ एवढंच म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं.

त्या दिवशी दुपारी अकरानंतर परतीच्या वाटेवर ब्लॉकही आमच्याच नशिबी आला. घरी पोचायला तीन वाजले. सुट्टी खलास. ना बाबांना बघितलं, ना झोप झाली.

पुढच्या वर्षी बाबांचा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जानेवारीची ही एक पळा, मग फक्त चालायचं. म्हणजे २१ जानेवारी २०२४ हा माझ्यासाठी शेवटचा चान्स होता. मग मात्र मी आणि नवऱ्यानं कागद-पेन घेऊन, ऑफिसातल्या प्रोजेक्टसारखा तो रविवार प्लॅन केला. खाली देतेय तो त्याच कागदाचा सुधारित अवतार.

आधी अंतराचा हिशोब

मॅरेथॉनची अंतरं किलोमीटरमध्ये ऐकली की डोक्यात काही शिरत नाही. लोकलच्या भाषेत सांगितलं की लगेच शिरतं. फुल मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून निघून पार बोरिवली मागे टाकायची आणि जवळजवळ भाईंदर गाठायचं. हाफ म्हणजे साधारण २१.१ किलोमीटर, चर्चगेट ते अंधेरीच्या जरा अलीकडे. पुढच्या वेळी अंधेरीला उतरताना एकदा विचार करा, हे सगळं अंतर आपला माणूस पळत आलाय. मग टाळ्या आपोआप जोरात वाजतात.

फुल मॅरेथॉन सीएसएमटीहून पहाटे पाचच्या सुमारास अंधारातच सुटते. अलीकडच्या वर्षांत हाफ माहीमहून निघते. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, त्यामुळे तोवर बरेच जण निम्म्याहून जास्त पळून झालेले असतात. म्हणजेच आठला उठून, नाश्ता करून ‘जाऊया आता’ म्हणणाऱ्याला फक्त रिकाम्या पाण्याच्या बाटल्या बघायला मिळतात.

उभं कुठे राहायचं?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. सगळे फिनिश लाइनकडे धावतात. तिथे गर्दी जाम, आपला माणूस दिसण्याची शक्यता कमी आणि खरं म्हणजे तिथे पोचलेल्याला तुमच्या टाळ्यांची गरजही उरलेली नसते. गरज असते ती पेडर रोडच्या चढावर. आधीच अंगातलं सगळं तेल संपलेलं, आणि समोर हा चढ! तिथे कुणी नावानं हाक मारली की पाय उचलतात, असं पळणारे सगळेच सांगतात. ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरून नाना चौकावरून केम्प्स कॉर्नरला चालत जाता येतं. वीस-पंचवीस मिनिटं धरा.

एवढं चालायचं नसेल तर आळशी लोकांची बेस्ट जागा म्हणजे मरीन लाइन्स. स्टेशनमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत समोर समुद्र, कट्टा आणि पळणारे. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी दादरला गाडी बदलायची किंवा थेट सीएसएमटी गाठायची. आणि एक छोटीशी गोष्ट, जी आम्ही दुसऱ्या वर्षी शिकलो. मॅरेथॉनच्या अ‍ॅपमध्ये बिब नंबर टाकला की आपला माणूस कुठवर आलाय त्याचा अंदाज येतो. रात्रीच नंबर मागून घ्या. पहाटे फोन करून विचारलात तर शिव्या खाल.

टॅक्सी विसरा, ट्रेन पकडा

दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते दुपारपर्यंत बंद किंवा वळवलेले असतात, बसेसचे मार्गही बदलतात. पण उपनगरात याचा मागमूस नसतो, म्हणूनच आपण फसतो. घराखाली रस्ता मोकळा दिसला म्हणून टॅक्सीत बसू नका. रेल्वे दरवर्षी पळणाऱ्यांसाठी मध्यरात्रीनंतर, पहाटे तीनच्या आसपास खास लोकल सोडते. तिची वेळ आठवडाभर आधी जाहीर होते. आपल्याला तितक्या लवकर जायची गरज नाही, नेहमीची पहाटेची स्लो पुरते. रविवारी पहाटे विंडो सीट मिळते, हाही एक अनुभव आहे!

परतीचं गणित मात्र जाताना करून ठेवा. रविवारचा ब्लॉक पश्चिम रेल्वेवर साधारण सकाळी साडेदहानंतर आणि मध्य रेल्वेवर अकरानंतर सुरू होतो, तो दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. मॅरेथॉनच्या रविवारी तो आहे की नाही, हे शनिवारच्या पेपरात बघून ठेवा. आमचा नियम एकच: काही झालं तरी दहाच्या आत परतीच्या गाडीत.

त्याआधी धोबीतलावला कयानी आहे. १९०४ पासूनचं इराणी. बन-मस्का, चहा, फार तर मावा केक. टेबलासाठी थांबायची तयारी ठेवा, कारण मेडल घातलेली निम्मी मुंबई तिथेच आलेली असते. नाहीच जमलं तर स्टेशनबाहेरचा वडापाव काही वाईट नाही.

आता दिवस आपला

सकाळी अकरा वाजता तुम्ही आपल्या स्टेशनला उतरलात. पहाटे चारला उठल्याचा एक मोठा फायदा म्हणजे दिवस प्रचंड लांब वाटतो. आता कुठेही टाउनकडे जायचं नाही. जे करायचं ते आपल्या लायनीवर, आपल्या स्टेशनच्या आजूबाजूला.

बोरिवलीकर: आपल्या दारात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शंभरहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, आणि आपण तिथे शेवटचे गेलो ते शाळेच्या सहलीला! गेटवर भाड्यानं सायकल मिळते. आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. चैत्यगृह बघून लगेच परत फिरू नका. वर चढा आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी बघा. पाणी साठवण्याची ती व्यवस्था बघितली की आपल्या सोसायटीच्या टाकीची जरा लाजच वाटते. जंगल नको असेल तर गोराईच्या जेट्टीवरून होडीनं ग्लोबल विपश्यना पॅगोडा गाठा. पहाटे चारला उठलेल्याला शांतता खरंच हवी असते.

अंधेरीकर: तुम्हाला फार लांब जायला नको. पश्चिमेला भवन्स कॉलेजजवळ गिल्बर्ट हिल आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, ६० मीटरच्या आसपास उंच असा काळा बेसॉल्टचा सुळका. डायनासोर संपले त्या काळातला दगड आणि त्याच्या बुडाशी आपली पार्किंगची भांडणं! पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ आणि खाली अख्खी अंधेरी. ऊन उतरल्यावर जा. मग संध्याकाळी वर्सोव्याचा किनारा आहेच.

घाटकोपरकर: जून २०१४ मध्ये मेट्रो आली आणि तुमचं नशीब पालटलं. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, आणि साधारण वीस-बावीस मिनिटांत वर्सोवा. पूर्वी हेच अंतर बसनं काढताना समुद्रावर जायचा मूडच निघून जायचा. दुपारी झोप काढून साडेचारची मेट्रो पकडा, सूर्यास्त बघा आणि परत येऊन खाऊगल्लीत डोसा. जानेवारी आहे, संक्रांत नुकतीच झालेली असते, फरसाणवाल्याकडे उंधियु मिळतोच. तो घरी नेला की स्वयंपाकातूनही सुट्टी.

मुलुंडकर: पुलापलीकडे ऐरोलीला फ्लेमिंगो तुमची वाट बघतायत. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही गेला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी निघते. तिची वेळ मात्र भरतीवर ठरते, तुमच्या सोयीवर नाही. त्यामुळे बुकिंग आधी करा आणि दिवसाचं बाकी वेळापत्रक त्याभोवती लावा.

आणि या चौघांनाही संध्याकाळी नाटक! मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याचं दीनानाथ. कुठल्या थिएटरात काय लागलंय ते पेपरातल्या जाहिरातीत बघा. फक्त दुपारचा शो घेऊ नका. पहाटे चारला उठून दुपारी चारच्या शोला गेलात तर पहिल्या अंकात तुमचं घोरणं कलाकारांना ऐकू जाईल.

मॅच असेल तर उलटं गणित

मॅरेथॉन शहराची सकाळ खाते, क्रिकेट संध्याकाळ खातं. त्यामुळे वानखेडेवर मोठी मॅच असेल त्या दिवशी हा प्लॅन उलटा करायचा. बाहेरची सगळी कामं सकाळी आणि मॅच सुरू झाल्यावर घर किंवा घराजवळचं हॉटेल. २ एप्रिल २०११ ची वर्ल्डकप फायनल आठवा, शनिवार होता. किंवा १५ नोव्हेंबर २०२३ ची न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल. कोहलीचं पन्नासावं वनडे शतक आणि शमीच्या सात विकेट्स. अशा मॅच चालू असताना लोकलमध्ये हात-पाय पसरून बसता येतं आणि मॅच सुटली की चर्चगेटला पाय ठेवायला जागा नसते.

जिंकल्यावरची मिरवणूक ही तर वेगळीच गोष्ट. २६ सप्टेंबर २००७ ला टी-ट्वेंटीचा कप घेऊन धोनीची टीम उघड्या बसमधून विमानतळावरून निघाली होती. उपनगरातल्या लोकांना घराजवळ उभं राहून हात हलवता आला. ४ जुलै २०२४ ला मात्र मिरवणूक फक्त मरीन ड्राइव्हवर होती आणि तिथे माणसांचा समुद्र खऱ्या समुद्राशी स्पर्धा करत होता. अशा दिवशी लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन टाउनला जाऊ नका. टीव्हीवर जास्त दिसतं, आणि जेवणही गरम मिळतं.

मग काय झालं?

२१ जानेवारी २०२४. शनिवारी रात्री दहाला दिवे बंद. पहाटे पहिल्या गाड्यांतली एक पकडून आम्ही मरीन लाइन्सला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. अंगावर स्वेटर, हातात पिठल्याच्या डब्याचं झाकण आणि चमचा, कारण टाळ्या पुरणार नाहीत असं नवऱ्याचं म्हणणं. आई मुलुंडहून थर्मास घेऊन थेट आली. अ‍ॅपवर बाबांचा ठिपका हाजीअलीला बराच वेळ अडकला, तेव्हा आई काही बोलली नाही, फक्त थर्मासचं झाकण उघड-बंद करत राहिली. मग ठिपका हलला. पेडर रोड चढला. आठच्या पुढे बाबा दिसले. पळत नव्हते, भरभर चालत होते, आणि उजवा पाय जरा ओढत होते.

मी चमचा वाजवत ओरडले, ‘बाबा!’ आजूबाजूच्या अनोळखी पोरांनीही सूर लावला, ‘बाबा, बाबा!’ त्यांनी वळून बघितलं, हसले आणि पळायला लागले. गुडघ्याचं काय ते डॉक्टर बघतील.

दहाच्या आत गाडी पकडली. मुलुंडला आईकडे जेवलो, सगळे आडवे झालो, रात्री कालिदासला नाटक बघितलं. बाबा पहिल्या अंकात झोपले, दुसऱ्यात जागे झाले आणि निघताना म्हणाले, बरं होतं.

१९ जानेवारी २०२५ ला बाबा पळाले नाहीत. पण आदल्या दिवशी त्यांचाच फोन आला. ‘उद्या पहिल्या गाडीनं या. मी जागा धरून ठेवतो. आणि येताना तो डबा आण.’

चौकट: शनिवारी रात्री झोपण्याआधी

• पळणाऱ्याचा बिब नंबर आणि संपल्यावर भेटायची जागा ठरवा. ‘फोन करते’ म्हणू नका, गर्दीत नेटवर्क हमखास दगा देतं.
• बंद रस्त्यांची आणि ब्लॉकची बातमी वाचा. टॅक्सीचा विचार सोडा.
• स्वेटर, पाणी, वाजवायला काहीतरी आणि पळून आलेल्यासाठी कोरडा टी-शर्ट सोबत घ्या.
• जाण्या-येण्याचं तिकीट आधीच काढा. मोबाइलवर काढत असाल तर चार्जिंग तपासा.
• दुपारच्या झोपेला प्लॅनमध्ये रीतसर जागा द्या. ती राहून गेली तर सोमवार अवघड जातो.